‘दुसऱ्या’ रविवारची सूचना : एका बगचं प्रकरण

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयात दर महिन्याला फळ्यावर एक सूचना लागते: महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साऱ्या कर्मचाऱ्यांची व पदाधिकाऱ्यांची सभा. मजकूर वर्षानुवर्षं तोच, फक्त तारीख बदलते. त्या महिन्यात मात्र ‘दुसऱ्या’तला अर्धा र गायब होता. त्याच्या जागी अख्खा र, पोटाखाली टिंब, पायाला हलन्ताची शेपटी आणि य शेजारी वेगळाच उभा. ‘दुसऱ्‌या’. ‘साऱ्‌या’. एका ओळीत चार ठिकाणी.

वाचायला कोणाचं काही अडलं नसतं. सभेला येणारे सात-आठ जण, त्यांना तारीख पाठ. पण सूचना छापणारे नाना तरुणपणी छापखान्यात कंपोझिटर होते, पुढे प्रूफं तपासायचे. खिळे जुळवलेल्या माणसाला मोडका र म्हणजे जेवताना दाताखाली आलेला खडा. त्यांनी कागद फळ्यावरून काढला, चारही र पेनाने दुरुस्त केले, पुन्हा लावला आणि मला फोन केला. मी विजयनगरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन मलाच येतो.

“अपडेटने मराठी खाल्ली,” नाना म्हणाले.

या एका वाक्यात दोन दावे होते. एक चुकीचा निघाला, दुसरा अर्धा खरा. कुठला कोणता हे कळायला आम्हाला तीन रविवार लागले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. वाचनालयाच्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. त्याच्या जागी सिल्व्हर मॉलमधून वापरलेला डेस्कटॉप आणला आणि एका सभासदाच्या मुलाने त्यावर उबुंटू ही मोफत संगणकप्रणाली (आवृत्ती २४.०४) टाकून दिली. सूचना, पत्रं, पुस्तकांची यादी, सगळं लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये (त्यात मजकूर लिहायचा भाग म्हणजे रायटर). नाना इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण किबोर्डवर टाइप करतात, आणि माझ्यापेक्षा भराभर. फाइली पेन ड्राइव्हवर होत्या, त्या तशाच्या तशा आल्या. फाइलींबरोबर काय आलं नाही, ते पुढे येईलच.

मला फोन करायच्या आधीच नानांनी नातवाला बसवून बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, नोंदवला होता. याचं मला कौतुक वाटलं. आमच्या कंपनीतले निम्मे लोक ‘होतं असं कधीकधी’ म्हणून सोडून देतात. टर्मिनलमध्ये उबुंटू-बग ही आज्ञा आणि पुढे पॅकेजचं, म्हणजे ज्याबद्दल तक्रार आहे त्या प्रोग्रामचं किंवा फॉन्टचं, नाव दिलं, की ॲपोर्ट नावाचं साधन प्रणालीची आवृत्ती, पॅकेजची आवृत्ती वगैरे माहिती गोळा करतं आणि ब्राउझरमध्ये लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूचे दोष नोंदवायच्या संकेतस्थळावर, नोंदीचं पान उघडतं. लाँचपॅडवर खातं लागतं, ते नातवाने काढलं. पहिल्या खेपेला ॲपोर्टने परत पाठवलं: काही पॅकेजं जुनी आहेत, आधी ती अद्ययावत करा आणि दोष अजून आहे का बघा. त्यांनी ते केलं. दोष तसाच होता. मग नोंद केली, लिबरऑफिस रायटरच्या नावावर. शीर्षक इंग्रजीत, अर्थ असा: ‘मराठी चालत नाही. अपडेटनंतर बिघडलं. कृपया लवकर दुरुस्त करा.’ सोबत सूचनेचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो.

पाच दिवसांनी एका स्वयंसेवकाचं उत्तर आलं, अगदी नम्र: कुठली आवृत्ती, दोष दिसण्यासाठी कोणत्या पायऱ्या करायच्या, तुम्हाला काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय दिसलं, आणि एखादी नमुना फाइल द्याल का. नोंदीची अवस्था बदलून ‘इनकम्प्लीट’ केलेली.

त्या शब्दाने नाना दुखावले.

“अपूर्ण म्हणजे काय गं? फोटो दिलाय. आंधळ्यालाही दिसेल.”

“नाना, कचेरीत अर्ज दिला की त्रुटी काढून परत येतो ना, तसं समजा. नामंजूर नाही केलेला.”

“आणि त्रुटी नाही भरली तर?”

“साठ दिवस कोणी हात लावला नाही, तर नोंद आपोआप मुदतबाह्य होते.”

“म्हणजे कचेरीच आहे,” नाना म्हणाले आणि चहा सांगितला.

मी तो फोटो पुन्हा बघितला, यावेळी उत्तर लिहिणाऱ्याच्या जागी बसून. नाना म्हणाले ते चूक होतं. आंधळ्याचं सोडा, डोळसालाही दिसणार नाही. मला कोणी थाई किंवा तमिळ मजकुराचा फोटो पाठवून ‘बघा, किती उघड चूक आहे’ म्हटलं, तर मी कुठे बघणार? पूर्ण र, टिंब, हलन्त आणि य हीही वैध देवनागरी चिन्हंच आहेत. चौकोन नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत, काही कोसळलेलं नाही. क्रॅश झाला असता तर यंत्रानेच साक्ष दिली असती. इथे चूक आहे हे दिसायलाच मराठी यावं लागतं. त्यामुळे त्या समोरच्या माणसाला आधी मराठीतला एक धडा द्यायला हवा होता, आणि तोही चार ओळींत.

नमुना फाइल म्हणून नाना सभासदांची यादी जोडायला निघाले होते, कारण त्यात ‘सगळ्यात जास्त र मोडलेत’. नावं, पत्ते, फोन नंबर असलेली यादी. माझा हात त्यांच्या हाताआधी माउसवर गेला. नोंद सगळ्या जगाला दिसते. शिवाय दीडशे ओळींत दोष शोधायला लावणं हा समोरच्यावर अन्यायच. आम्ही नवी फाइल केली आणि त्यात नानांनी सुचवलेली एकच ओळ टाकली:

दऱ्या दर्या आचाऱ्यास आचार्यास

ही ओळ म्हणजे या प्रकरणातला नानांचा पहिला मोठा वाटा. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र तो दर्या. स्वयंपाकी तो आचारी, त्याला द्यायचं ते आचाऱ्यास, आणि गुरुजींना द्यायचं ते आचार्यास. मराठीत हा अर्धा र म्हणजे अक्षराची शोभा नाही, त्याने शब्द बदलतो. ‘दक्षिणा आचाऱ्यास द्यावी’ छापलं तर गुरुजी उपाशी राहतील, असं नाना प्रूफाच्या दिवसांपासून सांगत आलेत. नोंदीतही मी तेच लिहिलं, विनोद वगळून.

यानंतर माझी चूक झाली, आणि ती लपवण्यासारखी नाही. तीच ओळ मी माझ्या फोनवर टाइप करून वाचनालयाच्या संगणकावर पाठवली. तिथे ती अगदी बरोबर दिसली! मी लगेच निकाल दिला: “नाना, तुमच्या टायपिंगमध्ये गडबड आहे.”

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी शांतपणे शिफ्ट धरून जे दाबला, मग डी, मग य. इनस्क्रिप्टमध्ये जे वर र असतो आणि शिफ्टसह ऱ, डी वर हलन्त. ही पद्धत त्यांना शिकवली गेली होती आणि जुन्या संगणकावर त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं बरोबर छापून येत होतं. मी दोन्ही ओळींमागचे कोडबिंदू, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षरासाठी साठवतो ते क्रमांक, काढून बघितले, तेव्हा कान पकडले. दिसायला एकच असलेला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिलेला होता. नानांचा: यू+०९३१ म्हणजे ऱ, त्यानंतर यू+०९४डी म्हणजे हलन्त. माझ्या फोनचा: साधा र यू+०९३०, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा सांधा यू+२००डी, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात.

हे क्रमांक ठरवणाऱ्या यूनिकोड या जागतिक प्रमाणाच्या बाराव्या प्रकरणात देवनागरीचे नियम दिले आहेत. त्यात आर५ हा नियम सांगतो की ऱ आणि हलन्त यांचा अर्धा र करावा, आणि ते इस्की या भारतीय प्रमाणाला धरून आहे. लगेच पुढचा आर५ए सांगतो की र, हलन्त आणि सांधा यांचाही तोच आकार करावा, कारण यूनिकोड २.० शी सुसंगत राहायचं आहे. दोन्ही वाटा वैध. त्यातही नानांची वाट भारतीय प्रमाणाची, आणि मी तिला गडबड म्हणाले होते. पुढच्या रविवारी छप्पन दुकानची कचोरी घेऊन गेले.

आता दोष कुठे आहे ते शोधायचं होतं. बोट किबोर्डवर पडल्यापासून कागदावर आकार उमटेपर्यंत मधे बरीच घरं लागतात: किबोर्ड कोडबिंदू देतो, लिबरऑफिस ते साठवतं, हार्फबझ नावाची लायब्ररी कोणते आकार कुठल्या क्रमाने बसवायचे ते ठरवते, आणि प्रत्यक्ष आकार व ते जोडण्याचे नियम फॉन्टच्या पोटात असतात. नोंद कुठल्या पॅकेजच्या नावावर करायची हे यावर ठरतं. चुकीच्या दारावर ठोठावलं, तर दार उघडणारा भला माणूसही ‘हे आमच्याकडे नाही’ एवढंच सांगू शकतो.

किबोर्ड सुटला होताच. तीच फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि फॉन्टही तोच निवडला, तर तिथेही दोष. म्हणजे लिबरऑफिस सुटलं, आणि नानांची नोंद चुकीच्या नावावर आहे हे नक्की झालं. मग फॉन्ट बदलून लोहित केला: सगळे र बरोबर. नोटो: बरोबर. हार्फबझ तर तिन्ही वेळा तेच होतं (लिबरऑफिस ५.३ पासून सगळीकडे तेच वापरतं, फायरफॉक्समध्येही तेच). उरला फॉन्ट.

पण नाना म्हणाले, “मी तर फॉन्ट बदललाच नाही. बघ, नाव तेच आहे.” खरंच, रायटरच्या पट्टीवर त्यांच्या नेहमीच्या फॉन्टचं नाव होतं. फक्त ते तिरक्या अक्षरांत होतं. रायटरमध्ये नाव तिरकं दिसलं की समजायचं, हा फॉन्ट या संगणकावर नाही, त्याच्या बदली दुसरा लावलाय. हे मलाही त्याच दिवशी लक्षात आलं. सूचनेची पीडीएफ केली आणि पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा चालवली. ती पीडीएफच्या आत खरोखर कुठले फॉन्ट आहेत ते सांगते. नाव भलतंच निघालं. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या पाटीसाठी कोणीतरी उबुंटूच्या भांडारातून, म्हणजे जिथून प्रोग्राम आणि फॉन्ट उतरवून घेतात तिथून, पाच-सहा देवनागरी फॉन्ट एकदम घेतले होते, त्यांतला एक. नेहमीचा फॉन्ट जुन्या संगणकाच्या होम फोल्डरमध्ये कोणीतरी कधीकाळी हाताने ठेवला होता आणि तो हार्ड डिस्कबरोबर गेला.

म्हणजे अपडेटने काहीच खाल्लं नव्हतं. दोष दिसला तोवर अपडेट झालंच नव्हतं, नवा संगणक आला होता. आपल्याकडे संगणकाचं काहीही बिनसलं की अपडेटच्या माथी मारतात, आणि बग नोंदवताना ही सवय महाग पडते. ‘अपडेटनंतर बिघडलं’ वाचलं की समोरचा माणूस आधीच्या आणि नंतरच्या आवृत्तीत काय बदललं ते शोधत बसतो. त्या बिचाऱ्याचे दोन दिवस जातात, आणि बदललेलं काहीच नसतं.

आमचं काम इथे संपवता आलं असतं. लोहित निवडा, सूचना छापा, घरी जा. पण नानांचा हट्ट: “तो दुसरा फॉन्ट भांडारात आहे ना? मग आज आमचा मोडला, उद्या ग्वाल्हेरला कोणाचा मोडेल.” बरोबर होतं. फॉन्ट नसणं ही आमची अडचण, पण त्या बदली फॉन्टला ऱ आणि हलन्ताचा अर्धा आकार माहीत नसणं हा खराखुरा बग. एकामागे एक लपलेल्या या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, तेव्हा कुठे नोंदवण्याजोगं काही हाताशी आलं.

पुरावा पक्का करायला एचबी-शेप वापरलं. हार्फबझबरोबरचं हे छोटं साधन, फॉन्टची फाइल आणि शब्द दिला की कुठले आकार निवडले गेले त्यांची नावं छापतं. लिबरऑफिस नाही, प्रिंटर नाही, मधे कोणी नाही. ‘ऱ्या’ दिलं तर लोहितमध्ये तीन आकार निघाले: अर्धा र, य, काना. बिघडलेल्या फॉन्टमध्ये चार: ऱ, हलन्त, य, काना. सांध्याची पद्धत दिली तर त्याच फॉन्टमध्ये तीनच. दोष एका ओळीत पकडला गेला, आणि ती ओळ मराठी न येणाऱ्यालाही मोजता येते.

जुनी नोंद सोडून नवी करायचा मोह झाला होता. केली नाही. लाँचपॅडवर त्याच नोंदीतलं पॅकेजचं नाव बदलता येतं, ते लिबरऑफिसवरून फॉन्टच्या पॅकेजवर नेलं आणि ॲपोर्ट-कलेक्टने माहिती पुन्हा भरली. मजकूर इंग्रजीत लिहिला, त्याचा गाभा मराठीत असा:

‘देवनागरी: ऱ आणि हलन्त यांच्यापुढे व्यंजन आल्यास अर्धा र तयार होत नाही. अपेक्षित: जोडलेल्या चित्रातला डावा आकार, र ऐवजी पुढच्या अक्षराला चिकटलेली आडवी वळणदार रेघ. प्रत्यक्षात: उजवा आकार, लाल वर्तुळात, सुटा ऱ आणि त्याखाली हलन्त. यूनिकोड प्रमाण, प्रकरण १२, नियम आर५. सांधा वापरल्यास, म्हणजे आर५एप्रमाणे, आकार बरोबर येतो. एचबी-शेपचं दोन्ही फॉन्टचं उत्तर सोबत. मराठीत हा आकार रोजच्या लिखाणात पावलोपावली येतो आणि त्याने शब्दाचा अर्थ बदलतो, उदाहरणं खाली. आधीच्या नोंदीत लिबरऑफिस आणि अपडेटचा उल्लेख होता, तो आमचा गैरसमज.’

शेवटचं वाक्य लिहायला नाना तयार नव्हते. “आपणच आपली चूक कशाला छापायची?” मग स्वतःच म्हणाले, “शुद्धिपत्र. ठीक आहे, लिही.”

दोन दिवसांत अवस्था ‘कन्फर्म्ड’ झाली, कारण आणखी एकाला तेच दिसलं. पण उबुंटूतले लोक हा फॉन्ट करत नाहीत. तो डेबियनमधून, म्हणजे उबुंटू जिच्यावर बेतलंय त्या प्रणालीतून, येतो आणि डेबियनमध्ये मूळ कर्त्याकडून. दुरुस्ती व्हायची तर उगमाशी. पॅकेजच्या माहितीत मूळ प्रकल्पाचा पत्ता असतोच. तिथे तीच नोंद केली आणि तिचा दुवा लाँचपॅडवर जोडला.

तिथल्या उत्तराने पुन्हा तीच ठेच लागली. मूळ कर्त्याने लिहिलं: सांधा वापरला तर चालतंय ना, मग वापरणाऱ्यांनी तोच वापरावा, ऱ हे अक्षर दुसऱ्या भाषांतले शब्द लिहायला असतं अशी माझी समजूत आहे. माणूस वाईट नव्हता. मीही तीन आठवड्यांपूर्वी नानांना अगदी हेच सांगितलं होतं! म्हणून मला राग आला नाही, नानांना आला. त्यांनी घरून एक जुनं, खिळ्यांवर छापलेलं पंचांग आणलं, ‘दुसऱ्या’ असलेल्या ओळीवर भिंग धरलं आणि मला त्या भिंगातून फोटो काढायला लावला. तो फोटो, आर५चा उतारा, आणि इनस्क्रिप्ट किबोर्डवर शिफ्टसह जे दाबलं की यू+०९३१च येतो ही एक ओळ. म्हणजे सरकारी प्रमाण किबोर्डवर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून हाच क्रम येणार, हे त्याला उमगलं. दहाएक दिवसांनी त्याने फॉन्टच्या अर्ध्या आकारांच्या तक्त्यात एक नियम वाढवला आणि नोंद बंद केली. खाली लिहिलं होतं: भिंगाच्या फोटोबद्दल विशेष आभार. नानांनी ते छापून घेतलं.

निकालाबद्दल मात्र सरळ सांगते. मूळ प्रकल्पात दुरुस्ती झाली, ती डेबियनमार्गे उबुंटूच्या पुढच्या आवृत्तीत पोचेल. वाचनालयाच्या २४.०४ मध्ये ती आलेली नाही. प्रकाशित झालेल्या आवृत्तीत काही बदलायचं तर वेगळी रीत आहे: दोषाचा परिणाम काय, तपासायचं कसं, दुरुस्तीने आणखी काय बिघडू शकतं हे लिहून द्यावं लागतं, बदल आधी ‘प्रपोज्ड’ भांडारात येतो, तिथे कोणीतरी वापरून ‘बरोबर आहे’ म्हणावं लागतं, आणि किमान सात दिवस थांबावं लागतं. कोणी तरी हे अंगावर घ्यावं लागतं, आणि एका दुय्यम फॉन्टसाठी कोणी घेतलं नाही. मीही नाही. सुधारलेली फाइल होम फोल्डरच्या आत, फॉन्टसाठी असलेल्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवली, आणि यावेळी पेन ड्राइव्हवरही.

जाता जाता एक जुनं कोडं सुटलं. पुस्तकांच्या यादीत ‘वाऱ्या’ शोधलं की काही पुस्तकं सापडायची, काही नाही, आणि दोष नेहमी शोधणाऱ्यावर यायचा. अर्धी यादी नानांनी इनस्क्रिप्टवर केलेली, अर्धी मुलींनी फोनवर. दिसायला एकच, आतून वेगळी, आणि यूनिकोडच्या सामान्यीकरणातही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करण्याच्या रीतीतही, हे दोन क्रम एक होत नाहीत. याची नोंद आम्ही केली नाही. हा आमच्या यादीचा प्रश्न. एका दुपारी सांध्याचे सगळे र बदलून नानांच्या पद्धतीचे केले.

परवाच्या रविवारी नवी सूचना लागली. चारही र जागेवर. नानांनी भिंग फिरवलं, मान हलवली, मग बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं.

“हा ल बघ. हा मराठीचा ल नाही. दांडी कशी लावलीय बघ. श पण तसाच. महाराष्ट्र शासनाचा २००९चा निर्णय आहे ना वर्णमालेचा, त्यात आपले ल आणि श दिलेत.”

“नाना, तो निर्णय इंदूरला लागू नाही.”

“अक्षराला काय राज्याची हद्द असते? पण ही वेगळी नोंद हं. एका नोंदीत दोन दोष नकोत, तूच म्हणालीस.”

मी रायटरमध्ये सूचनेची फाइल उघडली आणि माउस त्या ल वर नेऊन क्लिक केलं. खिडकीच्या तळाशी त्या मजकुराची भाषा लिहिलेली होती: हिंदी.